जहाजाचं सेवापुस्तक : ‘वेलस्ली’, मुंबईची गोदी ते टेम्स

नगर शहरापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी दोनशे किलोमीटरच्या आसपास लांब, आणि मध्ये सह्याद्री आडवा. तरीही मुंबईत बांधलेल्या एका शिडाच्या लढाऊ जहाजाची माहिती नगरच्या भुईकोट किल्ल्यापासून सांगायला हवी. त्या जहाजाला ज्याचं नाव दिलं गेलं, त्याने दौलतराव शिंद्यांविरुद्धची मोहीम याच ठिकाणी सुरू केली.

८ ऑगस्ट १८०३ रोजी मेजर जनरल आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढचा वेलिंग्टन, नगरच्या वेशीबाहेर येऊन पोचला. त्याच दिवशी त्याच्या तीन तुकड्या शिड्या लावून पेठेच्या तटावर चढल्या. तटाला आतून चालायला रुंद वाट नव्हती, त्यामुळे वर पोचलेल्यांना पाय ठेवायला जागा मिळेना आणि माणसं बरीच पडली. पण पेठ गेली. किल्ल्याचं काम वेगळं होतं. हुसेन निजामशहाच्या काळात दगडात बांधलेला तो तट आणि भोवतीचा खोल खंदक शिड्यांनी सर होणारा नव्हता. वेलस्लीने रात्रीतून चार तोफांचा एक मोर्चा उभारला, १० ऑगस्टच्या पहाटे मारा सुरू केला आणि थोड्याच वेळात किल्लेदाराने बोलणी सुरू केली. १२ ऑगस्टला किल्ला इंग्रजांच्या हाती गेला.

म्हणजे दख्खनमधला एक नामांकित भुईकोट पाडायला चार तोफा पुरल्या. पण त्या चार तोफा इथवर आणायला किती बैल, किती दारूगोळा, किती चारा आणि पावसाळ्यातले किती दिवस लागले, हा हिशेब कुणी फारसा सांगत नाही. जमिनीवर तोफ म्हणजे ओझं. पाण्यावर मात्र तेच ओझं वारा वाहून नेतो. ‘वेलस्ली’ नावाच्या जहाजावर ७४ तोफा होत्या आणि त्या मुंबईहून चीनपर्यंत न्यायला एकही बैल लागला नाही. एकोणिसाव्या शतकातलं साम्राज्य किनाऱ्याकिनाऱ्याने कसं पसरलं, याचं अर्धं उत्तर इथे मिळतं.

नगरकरांना तोफेचं अप्रूप नसावं. विजापूरच्या शेरझा बुरुजावरची मुलूख-ए-मैदान तोफ नगरलाच, बुऱ्हाण निजामशहासाठी, १५४९ मध्ये ओतली गेली. तिचं वजन सुमारे ५५ टन सांगतात. समुद्राचं अप्रूपही नसावं. रेवदंड्याजवळचं चौल हे निजामशाहीचं बंदर होतं, आणि १५०८ साली त्याच खाडीत इजिप्त व दीवच्या आरमारांनी पोर्तुगिजांना हरवलं, त्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेडा मारला गेला. तेव्हा जहाजाची गोष्ट नगरला अगदीच परकी नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. आरमाराच्या इतिहासाच्या पुस्तकांत प्रत्येक जहाजाची एक नोंद असते. अमुक साली मागणी नोंदवली, अमुक साली पाण्यात उतरवलं, अमुक कप्तान, अमुक ठाणं, अमुक लढाई, अमुक साली मोडलं. आपल्याकडे सरकारी नोकराचं सेवापुस्तक असतं ना, तशीच ही नोंद : नेमणूक, बदली, बढती, निलंबन, निवृत्ती. आणि सेवापुस्तकासारखीच ती नीट वाचायची तर कोरडी वाक्यं ज्या गोष्टी गाळून जातात त्या भरून घ्याव्या लागतात. ‘वेलस्ली’चं पुस्तक १२५ वर्षांचं आहे. त्यातले लढाईचे दिवस बोटांवर मोजता येतील. उरलेली वर्षं त्या जहाजाने काय केलं, हेच समजून घेण्यासारखं आहे.

पहिली नोंद मागणीची. १८०० नंतर इंग्लंडला दोन गोष्टींची टंचाई जाणवू लागली : नेपोलियनशी लढायला जहाजं आणि ती बांधायला ओक. ७४ तोफांच्या एका जहाजाला दोन हजारांच्या घरात ओकची झाडं लागत असा अंदाज सांगतात, आणि जहाजाच्या कामाचा ओक तयार व्हायला शंभर वर्षं जातात. मुंबईत मात्र मलबारचं सागवान येत होतं आणि ते कामाला लावणारं एक घराणं तिथे होतं. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून ईस्ट इंडिया कंपनीच्या कामासाठी मुंबईला आले. त्यांचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या गोदीचे मुख्य बांधणीकार राहिले. त्यातले जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या हाताखाली रॉयल नेव्हीची मोठी जहाजं झाली : १८१० मध्ये ७४ तोफांचं ‘मिंडेन’, १८१३ मध्ये ‘कॉर्नवॉलिस’ आणि १८१५ मध्ये ‘वेलस्ली’.

सागवान का, याचं उत्तर दोन भागांत आहे. सागाच्या लाकडात तेल असतं, त्यामुळे ते पाणी कमी पितं, किडीला आणि कुजीला बराच काळ दाद देत नाही. हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरा भाग कमी माहीत असतो. ओकच्या लाकडात आम्ल असतं आणि ते लोखंडी खिळ्याला खातं. खिळा गंजला की भोवतालचं लाकूडही सडतं, भोक सैल होतं आणि फळी हलू लागते. सागात लोखंड त्या मानाने सुखरूप राहतं. लाकडी जहाजाचं आयुष्य फळीपेक्षा जोडावर अवलंबून असतं, म्हणून हा फरक फार मोठा.

पाण्याखालच्या भागाला मात्र सागही पुरेसा नसतो. उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारा एक शिंपल्याच्या कुळातला किडा असतो. तो फळी आतून चाळण करून टाकतो आणि बाहेरून काही दिसत नाही. त्यावर उपाय म्हणून तळाला तांब्याचे पत्रे ठोकत. तांब्यावर शेवाळ आणि शिंपलेही कमी धरतात, त्यामुळे जहाजाचा वेग टिकतो. पण तांबं आणि लोखंड खाऱ्या पाण्यात शेजारी आले की लोखंड झपाट्याने गळतं. म्हणून पत्र्याखालच्या भागात तांब्याचेच बोल्ट वापरावे लागत, आणि हे तांबं इंग्लंडहून यायचं.

या तांब्यावरून एक गंमतशीर प्रकरण घडलं. मुंबईच्या गोदीतल्या कामासाठी तांबं आणि ‘वेलस्ली’चे नकाशे घेऊन ‘जावा’ नावाचं इंग्रजी जहाज निघालं होतं. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ते फोडलं. नकाशे गेले. त्याच जहाजावर मुंबईला नेमणूक झालेले जनरल हिस्लॉप होते, तेही कैद झाले. पुढे सुटून ते हिंदुस्थानात आले आणि १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांच्या फौजेशी लढले. नकाशांवाचून वाडियांचं काम अडलं नाही. समोर ‘कॉर्नवॉलिस’ नुकतंच तयार झालेलं होतं, त्याच्याच रेषांवर ‘वेलस्ली’ बांधायचं ठरलं. सेवापुस्तकात हे एका ओळीत येतं. पण त्या ओळीचा अर्थ असा की लंडनहून कागद न येताही सुमारे १,७५० टन मापाचं जहाज बांधण्याइतकं ज्ञान मुंबईच्या सुतारांकडे होतं.

बांधणीचा क्रम थोडक्यात असा. कोकणातले सुतार ज्याला पठाण म्हणतात तो तळाचा लांब कणा आधी मांडायचा. त्यावर दोन्ही बाजूंनी बरगड्या उभ्या करायच्या. त्यांना निसर्गतः वाकडी वाढलेली लाकडं निवडायची, कारण सरळ लाकूड कापून वाकडं केलं तर रेषा तुटतात आणि ताकद जाते. बरगड्यांना बाहेरून आणि आतून फळ्या. फळ्यांच्या फटींत दोरखंडाचा पिंजलेला धागा ठोकून वर डांबर. मग मजले, आणि सर्वांत शेवटी डोलकाठ्या.

आता ते पाण्यात न्यायचं कसं? इंग्लंडमध्ये पुष्कळदा जहाज उतरत्या घसरगुंडीवर बांधून सोडून देत. मुंबईची मोठी जहाजं कोरड्या गोदीत बांधली जात, आणि याचं कारण मुंबईची भरती. उधाणाला इथे पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. ओहोटीला गोदी रिकामी करायची, दार लावायचं, आत महिनोन्‌महिने काम करायचं. जहाज तयार झालं की उधाणाच्या भरतीला दार उघडून पाणी आत घ्यायचं, जहाज जागेवरच तरंगतं. म्हणून जहाज पाण्यात उतरवण्याची तारीख कुणा साहेबाच्या सोयीने ठरत नसे. ‘वेलस्ली’ उतरलं २४ फेब्रुवारी १८१५ रोजी; तिथी मागे मोजत नेली की तो दिवस पौर्णिमेच्या जोडीला येतो. मुंबईचंच ‘ट्रिंकोमाली’ उतरलं १२ ऑक्टोबर १८१७ रोजी, अमावास्येनंतर दोन दिवसांनी. उधाण पौर्णिमा-अमावास्येच्या मागोमाग दोन-एक दिवस राहतं. जुन्या जहाजांच्या तारखांच्या शेजारी पंचांग ठेवून पाहणं हा माझ्या मते फार आनंदाचा उद्योग आहे.

कंपनीला या जहाजाचा खर्च आला ५५,१४७ पौंड. तोफांच्या खालच्या मजल्याची लांबी १७५ फुटांच्या आसपास, रुंदी साधारण ४८ फूट. खालच्या मजल्यावर ३२ पौंडी गोळ्याच्या २८ तोफा, वरच्या मजल्यावर १८ पौंडीच्या २८, उरलेल्या हलक्या तोफा सर्वांत वर. जड तोफा खाली, हलक्या वर. उलट केलं तर जहाज वाऱ्याने कलंडेल. ३२ पौंड म्हणजे साडेचौदा किलोचा लोखंडी गोळा. तोफ स्वतः पावणेतीन टनांच्या घरात, म्हणजे मुलूख-ए-मैदानच्या मानाने चिमुकली. पण एका प्रचंड तोफेपेक्षा अनेक सारख्या तोफा आरमाराला हव्या होत्या. एका बाजूच्या खालच्या दोन मजल्यांतूनच एका दमात तीनशे किलोंहून जास्त लोखंड सुटायचं, आणि चांगला सराव असेल तर दर दोनेक मिनिटांनी पुन्हा.

यासाठी माणसं लागत, म्हणूनच पूर्ण भरलेल्या ७४ तोफी जहाजावर सुमारे सहाशे लोक असत. ३२ पौंडी एका तोफेला बारा-चौदा माणसं. तोफ उडाली की मागे सरकते, दोरखंड तिला अडवतात. मग नळी ओल्या पोचाऱ्याने पुसायची, दारूची थैली, गोळा, बोळा ठासायचा, आणि दोरांनी ओढून तोफ पुन्हा खिडकीबाहेर काढायची. दारू तळघरातून मुलं आणून देत, कारण तोफेजवळ जास्त दारू ठेवणं म्हणजे आत्महत्या. दोन्ही बाजूंना एकदम मारा करण्याइतकी माणसं एरवी नसतच.

‘वेलस्ली’ पाण्यात उतरलं आणि चारच महिन्यांत, १८ जून १८१५ रोजी, वॉटर्लू झालं. ज्याच्या नावाचं जहाज, त्यानेच युद्ध संपवून जहाजाला बेकार केलं. हा विनोद इतिहासाने केला आहे, मी फक्त नोंदवतो. युद्ध संपलं की आरमार काय करतं, हे समजलं तर सेवापुस्तकातली सर्वांत मोठी रिकामी जागा उलगडते.

शिडाच्या जहाजाला कायमचे खलाशी नसत. जहाज ‘कामावर’ घेतलं की कप्तान नेमायचा, माणसं भरती करायची, तोफा-शिडं-दाणागोटा चढवायचा आणि सुमारे तीन वर्षं चालवायचं. मुदत संपली की बंदरात येऊन सगळ्यांचा पगार चुकता करायचा, लोक घरी, आणि जहाज राखीव धक्क्याला. तिथे त्याच्या तोफा उतरवत, वरच्या डोलकाठ्या काढत, वर लाकडी छप्पर घालत आणि दोन-चार राखणदार ठेवत. कुणी ‘जहाज वीस वर्षं सेवेत होतं’ असं लिहिलं तर त्यातली निम्मी वर्षं ते छपराखाली उभं असण्याची शक्यता असते.

उभं राहणंही जहाजाला सोपं नाही. पावसाचं गोडं पाणी लाकडाच्या सांध्यांत मुरतं आणि खाऱ्या पाण्यापेक्षा तेच जास्त कुजवतं. आत हवा खेळली नाही तर बुरशी धरते. शिवाय जहाजाचा मधला भाग रुंद असतो, त्याला पाणी चांगलं उचलून धरतं. पुढचं आणि मागचं टोक निमुळतं, तिथे आधार कमी आणि वजन तितकंच. वर्षानुवर्षं दोन्ही टोकं खाली झुकत जातात, कणा मध्ये उचलला जातो, फळ्यांचे सांधे उघडतात. लाकडी जहाजं लढाईत बुडाली त्याहून कितीतरी जास्त अशी धक्क्याला उभी राहून संपली. ‘वेलस्ली’ वाचलं याचं श्रेय सागाला आणि वाडियांच्या जोडकामाला द्यायला हवं.

पहिलं नाव घेण्याजोगं काम राजनैतिक होतं. १८२५ मध्ये सर चार्ल्स स्टुअर्ट यांना घेऊन ते ब्राझीलला गेलं. कप्तान होते सर ग्रॅहम ईडन हॅमंड. स्टुअर्ट यांच्या मध्यस्थीने त्याच वर्षी २९ ऑगस्टला पोर्तुगालने ब्राझीलचं स्वातंत्र्य मान्य केलं. इथे ७४ तोफांचा उपयोग एवढाच की राजदूत अशा जहाजातून उतरला की त्याचं म्हणणं लोक लक्ष देऊन ऐकतात.

त्यानंतरची मोठी नोंद १८३७ नंतरची, हिंदी महासागरातली. रिअर ॲडमिरल सर फ्रेडरिक मेटलंड यांचं निशाण ‘वेलस्ली’वर चढलं. निशाणाचं जहाज म्हणजे काय, हे इथे सांगितलं पाहिजे. ॲडमिरल पूर्ण ताफ्याचा धनी असतो, जहाजाचा नव्हे. ज्या जहाजावर तो राहतो तिथे त्याचं निशाण लागतं, पण ते जहाज चालवतो त्याचा स्वतंत्र कप्तान. इथे तो कप्तान थॉमस मेटलंड होता. ॲडमिरल मेटलंडचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत आधीच आलेलं होतं : १८१५ च्या जुलैत नेपोलियन ज्या ‘बेलेरोफॉन’ जहाजावर जाऊन इंग्रजांच्या स्वाधीन झाला, त्याचे कप्तान हेच. नेपोलियनला ताब्यात घेणारा माणूस वेलिंग्टनच्या नावाच्या जहाजावर!

१८३९ च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला हे जहाज कराचीसमोर आलं. अफगाण युद्ध सुरू होतं, मुंबईच्या फौजेला सिंधमधून वाट आणि बंदर हवं होतं, आणि सिंधचे तालपूर मीर ते राजीखुशीने देणार नव्हते. बरोबर गोऱ्या ४० व्या पलटणीची माणसं आणि मुंबई फौजेची देशी ग्रेनेडियर पलटण होती. कराचीच्या मनोरा किल्ल्यातून एक तोफ उडाली. ती जहाज दिसल्याची बंदराला दिलेली नेहमीची सूचना होती, असं पुढे सांगितलं गेलं. इंग्रजांनी तो हल्ला मानला. ‘वेलस्ली’ने बाजू वळवली आणि थोड्याच वेळात किल्ल्याची समुद्राकडची भिंत ढासळली. आत मूठभर माणसं होती. ३ फेब्रुवारीला शरणागतीचा कागद झाला. नगरला दोन दिवस लागले होते, इथे तेवढेही लागले नाहीत. मला या प्रसंगात शौर्य दिसत नाही. मूठभर पहारेकऱ्यांच्या भिंतीसमोर ७४ तोफा आणून ठेवल्यावर निकाल आधीच लागलेला असतो.

मेटलंड त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला मुंबईजवळ समुद्रात ‘वेलस्ली’वरच वारले. त्यांना मुंबईत पुरलं आणि लोकवर्गणीतून त्यांचं स्मारक उभारलं.

पुढचं काम चीनचं, आणि ते सगळ्यांत लाजिरवाणं. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती, चीनच्या सरकारने अफू जप्त करून नष्ट केली, आणि इंग्लंडने त्यावरून युद्ध पुकारलं. कमोडोर गॉर्डन ब्रेमर यांचं निशाण आता ‘वेलस्ली’वर होतं. ५ जुलै १८४० रोजी चूसान बेटावरच्या तिंगहाय बंदरासमोर या ताफ्याने मारा केला. तो दहा मिनिटांच्या आत संपला. २६ फेब्रुवारी १८४१ ला कँटनच्या नदीमुखावरचे किल्ले पडले.

२६ ऑगस्ट १८४१ ची अमॉयची लढाई मात्र लाकडी जहाजाची मर्यादा दाखवते. तिथे किनाऱ्यावर लांबच लांब ग्रॅनाइटचा तट होता. ‘वेलस्ली’ आणि ‘ब्लेनहाइम’ ही दोन ७४ तोफी जहाजं त्यासमोर नांगर टाकून तासन्‌तास मारत राहिली, आणि तट फारसा हलला नाही. शेवटी सैनिक बाजूला उतरले आणि मागून आत शिरले. ओतीव लोखंडाचा गोळा जुनी वीट किंवा मातीची भिंत फोडतो, जाड दगड आणि त्यामागची माती त्याला पेलते. चीनमधून परतल्यावर ‘वेलस्ली’च्या अंगात २७ गोळे रुतलेले सापडले. गोळा आरपार न जाता फळ्यांत अडकून राहतो, याचा अर्थ फळ्या जाड होत्या, आणि समोरच्या तोफा कमजोर होत्या असाही. युद्ध संपवणारा नानकिंगचा तह २९ ऑगस्ट १८४२ रोजी झाला तो ‘कॉर्नवॉलिस’वर, म्हणजे ज्याच्या रेषांवर ‘वेलस्ली’ बांधलं त्या मुंबईच्याच जहाजावर. मुंबईच्या गोदीचा अभिमान बाळगताना हेही जमेला धरावं.

१८४८ ते १८५१ मध्ये उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीजच्या ठाण्यावर थॉमस कॉक्रेन, म्हणजे लॉर्ड डंडोनाल्ड, यांचं निशाण या जहाजावर होतं. कॉक्रेन हा चिली आणि ब्राझीलच्या आरमारांचा एकेकाळचा सेनापती, इंग्लंडमध्ये बदनाम होऊन पुन्हा सन्मानाने परत घेतलेला. त्याचं वय सत्तरीच्या पुढे, जहाजाचं पस्तिशीचं. दोघांचीही लढाई संपलेली होती.

कारण दरम्यान दोन गोष्टी बदलल्या होत्या. वाफेवर चालणारा पंखा आला. वारा पडला तरी जहाज हलू लागलं. आणि भरीव गोळ्याच्या जागी फुटणारा गोळा आला. ३० नोव्हेंबर १८५३ रोजी काळ्या समुद्रात सिनोपला रशियन तोफांनी तुर्की लाकडी जहाजं जाळून टाकली, तेव्हा सागवान असो की ओक, लाकडाचे दिवस संपल्याचं सगळ्यांना कळलं. १८६० मध्ये इंग्लंडने लोखंडी ‘वॉरियर’ पाण्यात उतरवलं. पूर्वी जहाज कुजून निकामी व्हायचं. आता धडधाकट जहाजंही निकामी ठरू लागली. ‘वेलस्ली’ १८५० च्या दशकात चॅटमच्या बंदरात पहाऱ्याचं जहाज झालं.

इथून पुढे नोंदी वाचताना सावध राहावं लागतं, कारण नावं बदलतात. लंडनच्या एका संस्थेकडे ‘कॉर्नवॉल’ नावाचं जुनं जहाज होतं. गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना त्यावर ठेवून शिस्त आणि दर्यावर्दी काम शिकवत. १८६८ मध्ये त्या संस्थेला आपलं ‘वेलस्ली’ मिळालं आणि त्याचं नाव ‘कॉर्नवॉल’ ठेवलं गेलं. मूळ ‘कॉर्नवॉल’ उत्तरेकडे टाइन नदीवर गेलं आणि त्याचं नाव झालं ‘वेलस्ली’! पुढे त्याच्या जागी ‘बॉस्कावेन’ नावाचं तिसरंच जहाज ‘वेलस्ली’ म्हणून टाइनवर आलं आणि १९१४ मध्ये जळालं. कुठे ‘वेलस्ली जळालं’ असं वाचलंत तर ते मुंबईचं नव्हे. जहाजाची ओळख नावावरून कधी पटवू नये; बांधणीचं ठिकाण आणि साल पाहावं.

मुंबईचं जहाज टेम्स नदीत, आधी पर्फ्लीटला आणि १९२८ पासून ग्रेव्हझेंडजवळ डेंटनला, मुलांची शाळा म्हणून उभं राहिलं. लढाऊ जहाज म्हणून ते तीस-पस्तीस वर्षं जगलं, तीही सलग नव्हे. शाळा म्हणून सत्तरीच्या पुढे. याच सुमारास, १९२७ मध्ये, मुंबईत ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झालं, जिथून पुढे हिंदी व्यापारी जहाजांचे अधिकारी तयार झाले. हेतू निराळे, पण जुनं जहाज शाळेसाठी वापरण्याची कल्पना तीच.

२४ सप्टेंबर १९४० च्या जर्मन हवाई हल्ल्यात ते जबर जखमी झालं आणि बुडालं. रॉयल नेव्हीसाठी बांधलेल्या, रांगेत उभं राहून लढणाऱ्या मोठ्या लाकडी जहाजांपैकी शत्रूच्या हल्ल्यात बुडालेलं हे शेवटचं, आणि विमानांनी बुडवलेलं एकमेव. राइट बंधूंच्याही ८८ वर्षं आधी वाडियांच्या सुतारांनी ठोकलेल्या फळ्यांचा शेवट विमानातून पडलेल्या बाँबने झाला. १९४८ मध्ये सांगाडा वर काढून टिलबरीला मोडला. सव्वाशे वर्षांनंतरही साग कामाचा निघाला. त्यातलं काही लाकूड लंडनच्या न्यायालयांच्या इमारतीच्या दुरुस्तीला वापरलं गेलं. जहाजाच्या नाकावरचा वेलिंग्टनचा लाकडी मुखवटा चॅटमच्या जुन्या गोदीत ठेवलेला आहे.

मुंबईच्या सागाचं अखंड जहाज पाहायचं असेल तर इंग्लंडमधल्या हार्टलपूलला जावं. तिथे १८१७ चं ‘ट्रिंकोमाली’ आहे. पाण्यावर असलेलं सर्वांत जुनं ब्रिटिश लढाऊ जहाज म्हणून ते ओळखलं जातं. ते दाखवताना तिथल्या लोकांना ते मुंबईचं आहे हे सांगावंच लागतं. आपल्याकडे मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डमधली डंकन गोदी अजून वापरात आहे, पण ती नौदलाच्या हद्दीत असल्याने सर्वसामान्यांना सहज पाहता येत नाही. गोदीबाहेर, निदान गेटवेजवळच्या एखाद्या फलकावर, जमशेटजी वाडियांनी बांधलेल्या जहाजांची नावं आणि तारखा मराठीत लावायला फारसा खर्च येणार नाही. महापालिकेने किंवा नौदलाने ते करावं.